गरोदरपणांतील मालीश : हात कोठें फिरवावा, कोठें थांबवावा
(नभोवाणीवरील भाषण)



सायंकाळीं पाळी सुटली म्हणजे चाकण, भोसरी, आकुर्डी या बाजूंकडून कामगारांच्या बसगाड्या भरून परत येऊं लागतात. त्यांतून उतरणाऱ्या बायकांत एखादी तरी अशी असते कीं, जिचा एक हात गाडीच्या दांड्यावर आणि दुसरा कमरेवर असतो. सहावा-सातवा महिना असतो. आठ तास यंत्रापुढें उभें राहून पाय भरून आलेले असतात. ती घरीं येते, भिंतीला टेकून बसते. घरांतील वडीलधारें माणूस म्हणतें, "थांब ग, जरा तेल लावून देतें." तोंच दुसरें कोणी म्हणतें, "नको बाई, दोन जिवांच्या अंगाला असा हात लावूं नये." आणि या दोन मतांच्या मध्यें त्या बिचारीची कंबर तशीच दुखत राहते.

चिंचवडच्या एका गल्लींत गेलीं पुष्कळ वर्षें मी बायकांचा दवाखाना चालवीत आहें. हा वाद माझ्यापुढें आठवड्यांतून एकदां तरी येतो. सुशिक्षित घरांतून येतो, चाळींतून येतो. म्हणून आज त्यावरच चार शब्द बोलावयाचें ठरविलें आहे. माझें उत्तर आरंभींच सांगून टाकतें. प्रकृति चांगली असलेल्या गरोदर बाईला हलक्या हातानें, योग्य रीतीनें केलेली मालीश घेण्यास हरकत नाहीं. ती सुखकर आहे. परंतु कांहीं जागा अशा आहेत कीं जेथें हात लावावयाचा नाहीं, आणि कांहीं प्रसंग असे आहेत कीं जेव्हां तेलाची वाटी बाजूला ठेवून थेट रुग्णालयाची वाट धरावयाची.

प्रथम अंग दुखतें तें कां, हें पाहूं. पोट पुढें वाढूं लागलें म्हणजे शरीराचा तोल पुढें जातो, आणि तो सांवरण्यासाठीं बाई पाठीची कमान मागें करून चालते. दिवसभर ही कमान धरून ठेवणाऱ्या स्नायूंना थकवा येतो. त्यांतच प्रसूतीची तयारी म्हणून शरीर कटिभागांतील सांधे बांधून ठेवणारे बंध थोडे सैल करीत असतें. त्यामुळें कंबर व मांडीचे सांधे ठणकतात. रक्ताचें प्रमाण साधारण ४० ते ५० टक्क्यांनीं वाढलेलें असतें, आणि पायांकडून हृदयाकडे परत जाणाऱ्या रक्ताच्या वाटेवर गर्भाशयाचा भार पडतो. म्हणून संध्याकाळीं पावलें सुजतात आणि रात्रभर निजून उठल्यावर ओसरतात. हा रोग नव्हे. हें शरीराचें कष्टाचें काम आहे, आणि कष्टलेल्या अंगाला हात हवासा वाटणें अगदीं स्वाभाविक आहे.

मालिशीनें काय साधतें? ताठलेले स्नायू सैल होतात, कंबरेची कळ तात्पुरती निवते, झोंप बरी लागते, आणि कोणी तरी आपली विचारपूस करीत आहे या भावनेनें मन हलकें होतें. या विषयावर झालेले शास्त्रीय अभ्यास बहुतेक लहान आहेत. पण त्यांचा रोख याच बाजूला आहे. काय साधत नाहीं, तेंही सांगतें. मालिशीनें प्रसूति सोपी होत नाहीं, मूल गोरें होत नाहीं, तेलानें पोटावरचे वळ टळत नाहींत, आणि पोट चोळून बाळ सरळ होत नाहीं. या शेवटच्या गोष्टीकडे मी पुन्हां येणार आहें.

पहिल्या तीन महिन्यांविषयीं फार भीति असते. वस्तुतः हलक्या मालिशीनें गर्भ पडतो असा पुरावा नाहीं. समजून आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकीं सुमारें दहा ते वीस पहिल्या कांहीं महिन्यांतच संपतात, आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिक वेळां बीजांतील गुणसूत्रांचा दोष हें कारण असतें. त्यांत कोणाचाच अपराध नसतो. परंतु मंगळवारीं पाठीला तेल लावलें आणि गुरुवारीं रक्तस्राव झाला, कीं तेल लावणाऱ्या सासूबाई जन्मभर स्वतःला दोष देत बसतात, किंवा इतर त्यांना देतात. या दिवसांत मळमळ असते, तेलाचा वाससुद्धां नकोसा होतो. म्हणून पुष्कळ जाणत्या बायका पहिले तीन महिने मालीश करीतच नाहींत. तो रिवाज पाळावयास हरकत नाहीं. मात्र कोणी मायेनें पाय चेपले असतील तर त्यावरून घरांत खटला उभा करूं नये.

आपल्या वैद्यकानें याविषयीं काय म्हटलें आहे, असें पुष्कळ जण विचारतात. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत पदवीसाठीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयच प्राचीन आर्यांचें प्रसूतिशास्त्र हा होता. तेव्हां हें कुतूहल नवें नाहीं. सुश्रुतसंहितेंत अंगाला बलातैल चोळण्यास सांगितलें आहे तें बाळंतिणीला. गर्भिणीनें काय टाळावें याची जी यादी तेथें आहे, तींत अकालीं केलेल्या स्नेहादि क्रिया आहेत. शिवाय रात्रीचें जागरण, गाडीघोड्यावर बसणें, उकिडवें बसणें आणि मलमूत्राचे वेग अडवून धरणें हेंही आहे. आपल्या पट्ट्यांतील रात्रपाळी, पुणें-नाशिक रस्त्यावरचा चाकणचा खोळंबा आणि कारखान्यांतील प्रसाधनगृहापुढची रांग मनांत आणली, म्हणजे ती यादी आपल्यासाठींच लिहिली असें वाटूं लागतें. सांगावयाचें तें इतकेंच कीं, बाळंतिणीचें तेलपाणी आणि गरोदर बाईची मालीश या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बाळंतपणाचें अंग रगडणाऱ्या मावशींना आठव्या महिन्यांत बोलावून तसेंच रगडून घेणें ही परंपरा नव्हे. तो घोटाळा आहे.

आतां रीत. जेवल्यावर निदान दीड तास जाऊं द्यावा. पांचवा महिना संपल्यावर बाईला उताणें निजवून मालीश करूं नये. उताण्या स्थितींत जड झालेलें गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देतें. रक्तदाब उतरतो, घाम सुटतो, डोळ्यांपुढें अंधारी येते, आणि बाळाकडे जाणारें रक्तही कमी होतें. कुशीवर निजवावें, डावी कूस अधिक चांगली. एक उशी डोक्याखालीं, एक दोन्ही गुडघ्यांच्या मध्यें, आणि पोटाला आधार म्हणून एक घडी केलेली चादर. निजणें नको असेल तर खुर्चीवर उलटें बसावें, पाठीकडच्या बाजूला उशी ठेवून तिच्यावर हात व डोकें टेकावें. म्हणजे पाठ मोकळी मिळते. पालथें निजवणें तर अर्थातच नाहीं.

तेल साधेंच असावें. खोबरेल किंवा तिळाचें तेल पुरे. तें मनगटाच्या आंतल्या बाजूला कोमट लागेल इतकेंच तापवावें. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना मोहरीचें तेल झोंबतें. मान आणि खांदे, खांद्यांच्या पात्यांमधील भाग, कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू, कमरेचा मागचा भाग, हात आणि पावलें, एवढ्या जागा मालिशीच्या. प्रत्यक्ष कण्यावर अंगठा दाबावयाचा नाहीं. कणीक तिंबतों तसा जोर येथें नको. तळवा सबंध टेकवून, संथपणें, एका लयींत हात फिरवावा. पायांवर हात फिरवितांना घोट्याकडून वर, आणि तोही अगदीं हलका. बाईनें "पुरे" म्हटलें कीं पुरे. घरच्या घरीं पंधरा-वीस मिनिटें खूप झालीं. नंतर तिला एकदम उठवूं नये. कुशीवरून हाताचा आधार देऊन बसवावें, आणि मग उभें करावें. तळपायाचें तेल पंचानें पुसल्याशिवाय तिला न्हाणीघरांत जाऊं देऊं नये. आजच्या गुळगुळीत फरशांवर मालिशीपेक्षां ही घसरगुंडीच अधिक धोक्याची आहे.

हें काम करावयाचें कोणीं? मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर हिंदुस्थान, अशा दूरदूरच्या प्रांतांतून आलेलीं जोडपीं चाकण-तळेगांवच्या बाजूला एका खोलींत संसार करितात. तेथें आई नसते, सासूही नसते. अशा घरीं नवऱ्यानें हें शिकून घ्यावें. कुशीवर निजवणें, कंबरेवर तळवा फिरवणें यांत अवघड कांहींच नाहीं. आणि बायकोच्या पायाला हात लावण्यांत कमीपणाही नाहीं.

आतां जेथें हात थांबवावयाचा त्या जागा.

पहिली जागा पोट. पोटावर वरवर तेलाचा हात फिरवला तर बिघडत नाहीं. परंतु दाबणें, चोळणें, हलविणें मुळींच नको. कांहीं ठिकाणीं अजून "बाळ आडवें आहे, सरळ करून देतें" म्हणून पोट चोळणाऱ्या बायका आढळतात. त्यांचा लौकिक कसा होतो, तें ध्यानांत घ्या. सातव्या महिन्यांत दर चार-पांच बाळांपैकीं एकाचें डोकें वर असतें. दिवस भरेपर्यंत यांतील बहुतेक बाळें आपोआप फिरतात. शेवटीं शंभरांत तीन-चारच पायाळू राहतात. फिरतें बाळ, आणि श्रेय मिळतें चोळणाऱ्या हाताला! पण अशा जोरानें वार गर्भाशयापासून सुटली, तर आंतल्या आंत रक्तस्राव होऊन आई व बाळ दोघांच्या जिवावर बेततें. डॉक्टरही कधीं कधीं बाहेरून बाळ फिरवितात, परंतु तें साधारण ३७ व्या आठवड्याच्या सुमारास, रुग्णालयांत, सोनोग्राफीनें वारेची जागा पाहून, बाळाच्या हृदयाचे ठोके मोजीत, आणि प्रसंग पडल्यास तत्काळ शस्त्रक्रिया करतां येईल अशा तयारीनें. इतकें करूनही यश निम्म्याच वेळां येतें. मग ज्या खोलींत यांतलें कांहींच नाहीं, तेथें हा खेळ कशाला?

दुसरी जागा पोटरी. याविषयीं मी एक हकिगत सांगतें. आमच्या भागांतील एका सुशिक्षित घरची सून आठव्या महिन्यांत होती. डावी पोटरी दोन दिवस दुखत होती. सासूबाईंनीं बाळंतिणींचें अंग चोळणाऱ्या एका मावशींना बोलावलें. मावशींनीं दोन्ही पाय पाहिले, आणि तेलाची वाटी खालीं ठेवली. त्या म्हणाल्या, "वहिनी, दोन्ही पाय सुजले असते तर मी हात लावला असता. हा एकच सुजलाय, आणि गरम लागतोय. हा पाय मी चोळायची नाहीं. आधीं डॉक्टरीणबाईंना दाखवा." घरांतल्या एकदोघांना वाटलें, बाईला काम टाळावयाचें आहे. तरी तीं मंडळी संध्याकाळीं माझ्याकडे आलीं. मी त्यांना लागलीच मोठ्या रुग्णालयांत पाठविलें. तपासणींत पायाच्या खोल शिरेंत रक्ताची गुठळी निघाली. सुया सुरूं झाल्या, बाळंतपण नीट पार पडलें, मुलगी झाली. ती पोटरी त्या दिवशीं चोळली असती आणि गुठळी सुटून फुप्फुसांत गेली असती तर काय झालें असतें, तें मी आपणांस सांगावयास नको.

याचें कारण असें कीं, गरोदरपणांत रक्त अधिक लौकर गोठतें. प्रसूतीच्या वेळीं फार रक्त जाऊं नये म्हणून निसर्गानें केलेली ही तरतूद आहे. पण तिच्यामुळेंच अशा गुठळीचा संभव एरव्हींपेक्षां चार-पांच पटींनीं वाढतो, आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तर तो अधिकच असतो. म्हणून पोटरी व मांडीची आंतली बाजू कधींच दाबून चोळूं नये. एकच पाय सुजला, लाल झाला, गरम लागला किंवा दुखूं लागला, तर त्याला हातही न लावतां त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावा. हा नियम बाळंतिणीलाही तसाच लागू आहे. पोट उघडून प्रसूति झाली असेल, तर जखम भरून डॉक्टरांनीं सांगेपर्यंत पोटाला मालीश नाहीं.

तिसरी गोष्ट मलमांची. अंगदुखीवरच्या पुष्कळ मलमांत व तेलांत कापूर किंवा विंटरग्रीनचा अर्क असतो. कांहींत डायक्लोफिनॅकसारखें औषध असतें. या जातीचीं औषधें पांचव्या महिन्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करून गर्भजल कमी करूं शकतात. मलम बाहेरून लावलें तरी तें कांहीं अंशीं शरीरांत शिरतें. म्हणून डॉक्टरांना विचारल्यावांचून तें वापरूं नये. उग्र वासाचीं सुगंधी तेलेंही नकोत. पोटावर शेक, वाफेची पेटी किंवा कढत पाण्याचें टब-स्नान यांनीं सबंध शरीराची उष्णता वाढते, तेंही टाळावें.

आतां, केव्हां मालीश अजिबात करूं नये? अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, पोटांत थांबून थांबून कळा येत असतील, बाळाची हालचाल कमी जाणवत असेल, ताप असेल, डोकें विलक्षण दुखत असेल, डोळ्यांपुढें काजवे चमकत असतील, तोंड व हात एकाएकीं सुजले असतील, बरगड्यांखालीं दुखत असेल. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर असेल तरीही तसेंच. वार खालीं आहे असें सांगितलें असेल, पूर्वीं अपुऱ्या दिवसांची प्रसूति झाली असेल, पोटांत जुळें असेल, तर आधीं डॉक्टरांची संमति घ्यावी. आणखी एक लक्षण सहज दुर्लक्षिलें जातें : शेवटच्या महिन्यांत तळहात व तळपाय यांना, विशेषतः रात्रीं, पुरळ नसतां भयंकर खाज सुटणें. घरांत याला "कोरडेपणा" म्हणून तेल चोळीत बसतात. ती यकृताच्या विकाराची खूण असूं शकते, आणि तिची रक्ततपासणी व्हावयास हवी.

बाहेरून माणूस बोलावीत असाल, किंवा एखाद्या मालीश-केंद्रांत जात असाल, तर महिना कितवा, रक्तदाब किती, आजार कोणता, हें आपण होऊन सांगावें. तीं माणसें हें विचारीतच नसतील, तर तेथून उठावें. "गरोदर बाईला तुम्ही कशी निजवतां?" एवढा एकच प्रश्न विचारा. "उताणी" असें उत्तर आलें, कीं त्यांची परीक्षा झाली.

तपासणीसाठीं दूर जावें लागतें अशी सबब आपल्या भागांत चालणार नाहीं. पिंपरीस महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय आहे. चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्यसंस्थांत गरोदर बायकांची तपासणी विनामूल्य होते. अडीअडचणीस १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आपल्या घरीं धुणेंभांडीं करावयास येणारी बाई गरोदर असेल, तर ही माहिती तिला सांगण्याचें काम आपलें आहे.

शेवटीं एक गोष्ट बोलल्याशिवाय हें भाषण पुरें होणार नाहीं. १९५४ सालीं पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढें मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आले, आणि शेतांच्या जागीं हा सारा पट्टा उठला. या कारखान्यांत आज हजारों बायका उभ्यानें काम करितात. आठ तास उभें ठेवून दुखविलेली कंबर वीस मिनिटें तेल लावून बरी होईल, ही अपेक्षा तेलाकडून करणें अन्यायाचें आहे. त्या बाईला स्टूल हवें आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यानेंच असें ठरविलें कीं, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वींचे जे सहा आठवडे, त्यांच्याही आधींच्या महिन्यांत, बाईनें मागणी केल्यास तिला कष्टाचें किंवा फार वेळ उभें राहण्याचें काम देतां येणार नाहीं. २०१७ मध्यें पहिल्या दोन मुलांसाठीं भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि तिच्यांतील ८ आठवडे प्रसूतीपूर्वीं घेतां येतात. आधींच्या वर्षांत ८० दिवस काम केलेल्या बाईला हा हक्क आहे. ती कंत्राटदारामार्फत लागली असली तरी तो जात नाहीं. हें भाषण ऐकणाऱ्यांत कांहीं जण कारखान्यांचे अधिकारी असतील. त्यांनीं बाईच्या अर्जाची वाट न पाहतां एक स्टूल पुढें सरकवावें. त्याला कायद्याची परवानगी लागत नाहीं.

भगिनींनो, त्या मावशींची मला वारंवार आठवण येते. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलेलें नाहीं. पण वाटी खालीं ठेवण्याचें धैर्य त्यांना होतें, आणि त्या धैर्यानें एक लेकुरवाळी आज सुखानें नांदत आहे. आपल्या घरीं कोणी गरोदर असेल, तर आज रात्रीं तिला डाव्या कुशीवर निजवा, उशा नीट लावा, तेल कोमट करा. आणि हात लावण्यापूर्वीं दिव्याच्या उजेडांत तिचे दोन्ही पाय एकदां शेजारीं शेजारीं पाहा.